माननीय परिवहन मंत्र्यांना दापोली तालुक्यातून खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी पुतणी लिहून घेते आहे, कारण माझे उजवे मनगट प्लास्टरमध्ये आहे. गेल्या रविवारी हर्णै बंदरावरून मासळी घेऊन स्कूटरने परतताना पर्यटकांच्या पाच-सहा मोटारसायकली सायलेन्सरचे फटाके वाजवत वळणावर समोर आल्या. त्यांतली एक माझ्या बाजूत घुसली आणि मी जांभ्याच्या गडग्यावर आपटलो. हेल्मेट होते म्हणून डोके शाबूत राहिले. थांबले मात्र कोणी नाही.

गणपतीपूर्वी या कर्कश गाड्यांविरुद्धच्या आमच्या निवेदनावर एका अधिकाऱ्याने शनिवार-रविवारी किनाऱ्यावर तपासणी पथक उभे करण्याचे आश्वासन दिले होते. पथक एकदा आले, बाजारपेठेत उभे राहिले, विनाहेल्मेट भाजीवाल्याला दंड करून जेवणाच्या वेळेला परत गेले. त्या दंडाबद्दल माझी तक्रार नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर मेलेल्या १ लाख ६८ हजारांपैकी सुमारे ७५ हजार माणसे दुचाकीवर होती आणि हेल्मेट नसलेली जवळजवळ ५० हजार, असे केंद्राचाच अहवाल सांगतो. पण ज्या गाड्यांसाठी पथक मागितले होते, त्या त्याच वेळी मुरुड-कर्द्याच्या रस्त्यावर होत्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ऐकू येत होते.

आवाज मोठा असला की लोक सावध होतात, असे या स्वारांचे लाडके म्हणणे आहे. महोदय, मला आवाज उत्तम ऐकू आला होता, पण वळणावर तो दरडीवरून असा घुमत होता की गाड्या पुढून येत आहेत की मागून, तेच कळेना. सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि धोका पुढे. संशोधक हॅरी हर्ट यांनी अमेरिकेत १९८१ साली मांडलेल्या मोटारसायकल अपघातांच्या अभ्यासात तीन-चतुर्थांशाहून अधिक अपघातांत धोका चालकाच्या समोरच, डाव्या-उजव्या ४५ अंशांच्या आत होता. आपल्याकडेही २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटता ठेवणे सक्तीचे झाले, ते दुचाकी दिसावी म्हणून. मग सायलेन्सर पोकळ करून नेमकी कोणाची सुरक्षितता वाढते?

कायद्याची वाण नाही. १७५ सीसीवरील मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्याला अपात्रता आहे. शहरांमध्ये जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवून छायाचित्रे काढली जातात, पण तेच सायलेन्सर विकणाऱ्या दुकानाचे शटर कोणी खाली ओढत नाही. आमच्याकडे तर रोडरोलरही रस्त्याच्या कामावर येत नाही, सायलेन्सरसाठी कुठून येणार?

ऐन भातकापणीत मला विळा धरता येत नाही. मजुरी रोजची चढते आहे, कापलेल्या भातावर पाऊस पडण्याची भीती वेगळीच. पंच्याऐंशीचे वडील शनिवारी मध्यरात्री दचकून उठतात आणि मग पहाटेपर्यंत ओटीवर बसून राहतात. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

पण सायलेन्सरचेच काय घेऊन बसलात? मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, त्यानंतर नवनव्या तारखा आल्या, आणि चिपळूणचा उड्डाणपूल २०२३ मध्ये बांधतानाच कोसळला. सदोष रस्त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर कलम १९८ अ खाली कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. भाजीवाल्याची पावती माझ्या डोळ्यांदेखत फाडली गेली. ही दुसरी पावती कोकणात कोणावर फाडली गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही. दंड करायला माणूस गरीब आणि गाडी हळू लागते, असा काही शासननिर्णय निघाला असेल तर त्याची प्रत पाठवावी.

नाताळात पुन्हा तेच टोळके येईल. त्याआधी ध्वनिमापक यंत्रासह पथक किनाऱ्याच्या रस्त्यावर, बाजारपेठेत नव्हे, शुक्रवारी संध्याकाळपासून उभे करावे आणि सायलेन्सर विकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत. "नोंद घेतली आहे" एवढेच उत्तर येणार असेल तर ते पाठवू नये. माझ्याकडे त्याच्या प्रती पुष्कळ आहेत.

आपला,
दापोली तालुक्यातील एक शेतकरी व स्कूटरचालक