बुधवारचा माल शुक्रवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उद्योगाच्या पानावर मध्यंतरी लघुउद्योजकांची तक्रार वाचली, की हल्ली पोलादच चांगलं येत नाही, पिना आणि गिअर लवकर तुटतात. पोलादाची वकिली करण्याचं मला कारण नाही. पण भोसरीत ३१ वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे दुसऱ्यांचे पोलादी भाग भट्टीत तापवून-थंड करून कडक करून द्यायच्या, जॉबवर्कमध्ये काढली, निम्मी फर्नेसवर आणि निम्मी सुपरवायझर म्हणून. त्यामुळे तुटलेली पिन हातात आली की मी आधी विचारतो, याचं हार्डनिंग, म्हणजे लालबुंद तापवून तेलात बुडवणं, कोणत्या वारी झालं होतं?

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी सेकंड शिफ्टचा शेवटचा लॉट तेलात पडतो तोवर बस गाठायची वेळ झालेली असते. टेम्परिंग, म्हणजे कडक झालेला माल पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा आणि ताण उतरवणं, मग शुक्रवारी. मीही असं केलंय. ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाच्या पिना होत्या, अंगठ्याएवढ्या जाड, ८४० अंशांवरून तेलात सोडलेल्या. ट्रेवर गोणपाट टाकलं आणि घरी गेलो. शुक्रवारी सकाळी वॉचमन म्हणाला, "साहेब, रात्री आत टण्‌ टण्‌ वाजत होतं, मला वाटलं उंदीर." गोणपाट काढलं तर चार पिना उभ्या चिरलेल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा शोधायला उरलेल्यांना लाल रंग मारून, पुसून, पांढरी पावडर फवारली. आणखी अकरांवर केसाएवढी लाल रेघ उमटली. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, कळवलं गेलं, मटेरियल खराब होतं. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो.

तेलातून निघालेलं पोलाद कडक खरं, पण काचेसारखं ठिसूळ आणि आतून ताणलेलं. शिवाय त्याचा थोडा भाग तेलात बदलायचा राहून गेलेला असतो. तो नुसता पडल्या पडल्या हळूहळू बदलतो आणि बदलताना फुगतो. आधीच ताणलेल्या अंगात आणखी फुगवटा, मग रात्री टण्‌ वाजणारच. म्हणून माल साठ-सत्तर अंशांवर, हाताला जेमतेम सोसेल इतका आला की थेट टेम्परिंगला जायला हवा. ईएन-३१ ला १५० ते १८० अंश आणि निदान दोन तास. जाड जॉबला त्याहून जास्त, कारण गाभा तापायलाही वेळ लागतो. फर्नेसच्या काट्याने १८० दाखवलं म्हणजे जॉब १८० झाला, असं नसतं.

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात लोहारकी करायचे. विळ्याची धार लालबुंद करून पाण्यात बुडवायची, लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर घासायची. पाठीतली धग धारेकडे सरकायला लागली की आधी गवती पिवळा रंग चढे, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्याच्या अलीकडेच विळा परत पाण्यात. पाणी देणं आणि उतरवणं, म्हणजे आमचं हार्डनिंग आणि टेम्परिंग, त्यांच्या लेखी एकच काम होतं, मध्ये विडी पेटवायलाही उसंत नसे. आम्ही त्याची दोन खाती केली आणि मध्ये सुट्टी घातली.

टेम्परिंगमधली ही चालढकल पकडली का जात नाही? ईएन-१९ या दुसऱ्या जातीच्या पोलादाच्या शाफ्टला ५५०-६०० अंशांचं टेम्परिंग टाळताच येत नाही; टाळलं तर रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या यंत्रावर, आकडा इतका चढा येतो की माल त्याच दिवशी परत. ८.८ आणि १०.९ ग्रेडच्या बोल्टांना तर आयएस १३६७ या भारतीय मानकात किमान ४२५ अंश लिहूनच ठेवलेत. खरी लबाडी चालते ती कमी तापमानाच्या टेम्परिंगमध्ये. ईएन-३१ तेलातून निघतं तेव्हा हार्डनेस ६४ च्या आसपास, टेम्परिंगनंतर ६१-६२. ड्रॉइंगवर ६० ते ६४ लिहिलेलं असलं की दोन्ही पास! केस हार्डनिंगच्या, म्हणजे फक्त वरचा थर कडक केलेल्या, गिअरची तीच गत. दोन तासांचं टेम्परिंग अर्ध्या तासात उरकलं, तरी सर्टिफिकेटवर काही दिसत नाही. आणि किलोमागे पाच-दहा पैशांवरून घासाघीस करणाऱ्या पार्टीने तेवढंच सर्टिफिकेट मागितलेलं असतं. दर पाडले की शॉपवाला वाचवणार कुठे? हार्डनिंगमध्ये वाचवता येत नाही, तेलात वाचवलं तर जॉब वाकतो. उरतं टेम्परिंग.

म्हणून परचेसवाल्यांना माझं सांगणं, हार्डनेसच्या आकड्याबरोबर टेम्परिंग फर्नेसचा त्या लॉटचा तापमान-वेळेचा चार्ट मागा. आणि चलनावर दोन वेळा लिहून घ्या: लॉट तेलातून कधी निघाला आणि टेम्परिंगला कधी चढला. तारीख सगळेच टाकतात, वेळ कोणी टाकत नाही. छापील चलनात रकाना नसेल तर मागच्या बाजूला पेनाने लिहिलं तरी चालेल.

— एक निवृत्त हीट ट्रीटमेंट सुपरवायझर, भोसरी, पुणे