मंदार, पिस्तूल घ्यायच्या आधी एवढं वाच

केटी, टेक्सास
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मंदार,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. दुकान बंद करून गल्ल्याची पिशवी घेऊन गाडीकडे निघालास आणि तो माणूस पार्किंगमध्ये तुझ्या मागे मागे यायला लागला, हे ऐकून पोटात गोळाच आला रे. तू परत आत गेलास आणि दार लॉक केलंस ते शंभर टक्के बरोबर केलंस. उद्या कमरेला पिस्तूल असलं तरी पहिलं हेच करायचं, आत जायचं आणि ९११ लावायचा, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचशील.

तू विचारलंस कुठलं कॅलिबर, म्हणजे कुठल्या मापाच्या काडतुसाचं पिस्तूल. दुकानातला सेल्समन म्हणतो .४५ घे, एकच गोळी बास होते. शेजारचा म्हणतो .३८० घे, खिशात मावतं. आणि तुझ्या डोक्यात अजून मामांचं .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, दसऱ्याला शस्त्रपूजनात ठेवायचे ते. आधी मामांचा विषय संपवतो. तिकडे .३२ सगळ्यांकडे दिसतं ते काही लोकांनी तोलून मापून निवडलेलं नसतं. आपल्याकडे ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर ते मिळतच नाही, मग उरतं .३२ नाहीतर .२२, आणि सरकारी फॅक्टरी जे बनवते ते लोक घेतात. इथे कायदा कॅलिबर ठरवून देत नाही, तुलाच ठरवायचंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

एच-वनवर होतास तोवर थोडे अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने बंदूक ठेवताच येत नव्हती, आता ग्रीन कार्ड आहे तर येते. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय पण कॅरी करता येतं, म्हणजे अंगावर बाळगता येतं. तरी तू लायसन्सचा क्लास करच. त्यात ५० राउंड, म्हणजे गोळ्या, मारून दाखवावे लागतात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, आणि कुठे न्यायचं कुठे नाही ते नीट कळतं. शिवाय दुसऱ्या स्टेटमध्ये गेलास तर बऱ्याच ठिकाणी ते लायसन्सच चालतं.

आता कॅलिबर. मी तुला तोळ्यात सांगतो, तुझ्या घरी सराफी होती म्हणून तुला लगेच समजेल. इथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी जास्त. ९ एमएमची नेहमीची १२४, पाऊण तोळ्याला थोडी कमी. आणि .३८० ची ९५, अर्ध्या तोळ्याच्या जरा वर. गंमत बघ, .३८० आणि ९ एमएम दोन्हीच्या गोळीची जाडी एकच आहे, फरक काय तर .३८० ची केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, २ मिलिमीटर आखूड आणि दारू कमी. म्हणून ती हळू जाते, चार इंची नळीतून ९ एमएम साधारण ११५० फूट सेकंदाला, .३८० त्याहून दोनेकशे फुटांनी कमी, आणि तुझ्या मनात आहे तसल्या तीन इंची नळीतून दोन्ही आणखी हळू.

सेल्समन म्हणतो ते एका गोळीचं मनातून काढून टाक मंदार. पिस्तुलाच्या कुठल्याच गोळीने माणूस उडून मागे पडत नाही. ती भोक पाडते, बस्स. भोक कुठे पडलं आणि किती खोल गेलं, सगळं त्याच्यावर आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. त्यात ९ एमएमची एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार होऊन छातीत गेली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. तिथून एफबीआयने ठरवलं की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात (चाचणीत मांसाच्या जागी तोच वापरतात) निदान १२ इंच तरी गेलीच पाहिजे. आधी १० एमएम घेतलं, त्याचा धक्का फार म्हणून त्याच्यावरून १९९० मध्ये .४० आलं, देशभरच्या पोलिसांनी तेच घेतलं. आणि २०१४-१५ च्या सुमाराला एफबीआय परत ९ एमएमवरच आली! कारण मधल्या काळात गोळ्या सुधारल्या, आणि दुसरं म्हणजे त्यांच्याच लोकांचा नेम ९ एमएमवर जास्त लागत होता आणि लवकर लागत होता. एवढी ट्रेनिंग घेतलेल्या लोकांना धक्क्याने फरक पडतो तर तुला मला पडणार नाही का?

.४५ म्हणून मी बाजूलाच ठेवतो. लहान पिस्तुलात धक्का जबरी आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, गोळ्या मोजक्याच. .४० ला तर लहान पिस्तुलात मी हात पण लावणार नाही.

राहिले दोन, ९ एमएम आणि .३८०. आणि इथे माझी चूक सांगतो, कारण तू तीच करायला निघालायस. २०१९ मध्ये मी पहिलं पिस्तूल घेतलं ते .३८० चं, अगदी तळहाताएवढं, पाव किलोच्या आसपास. वाटलं कॅलिबर लहान म्हणजे धक्का लहान. तसं नसतं रे! काडतूस तेच ठेवून पिस्तूल हलकं केलं की धक्का वाढतो, आणि मुठीला नीट धरायला जागा नाही, करंगळी हवेत. दोन मॅगझिनमध्ये अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली, चौथ्या मॅगझिनला ट्रिगर दाबायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. मग रेंजला, नेमबाजीच्या सरावाला, जायचं टाळायला लागलो. वर्षभर ते ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि मी मात्र स्वतःला सुरक्षित समजत होतो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. परवडायला पण .३८० ची काडतुसं ९ एमएमपेक्षा महाग पडतात, लहान असूनसुद्धा, कारण ९ एमएम जगभर बनतं, सैन्यं तेच वापरतात.

मागच्या थंडीत एका ओळखीच्यांच्या रानात आम्ही पाण्याचे गॅलनचे कॅन ओळीने मांडले, पुढे जुनी जीन्स चार पदरी घडी करून लावली, आणि दोन्ही कॅलिबरच्या होलो पॉइंट गोळ्या, म्हणजे तोंडाशी पोकळ असलेल्या, आत गेल्यावर उमलणाऱ्या, मारून बघितल्या. नंतर कॅनमधून गोळ्या काढून हातावर घेतल्या. ९ एमएमची फुलासारखी उमललेली, तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या. .३८० ची पहिली गोळी होती तशीच, फक्त तोंडात जीन्सचा निळा कापूस गच्च भरलेला, नखाने पण निघेना. दुसरी उमलली पण फार अलीकडे थांबली. .३८० चं दुखणं हेच आहे, उमलली तर खोल जात नाही आणि खोल गेली तर उमललेली नसते. काही कंपन्यांनी चांगल्या गोळ्या काढल्यात, पण कसरतच आहे. ९ एमएममध्ये दोन्ही जमतं.

म्हणून साध्या माणसाला मी डोळे झाकून ९ एमएम सांगतो. आधी लहान पिस्तुलात ९ एमएम म्हटलं की ६ गोळ्यांवर समाधान मानायचं, २०१५ चं ग्लॉक ४३ तसंच होतं. २०१८ मध्ये सिग पी३६५ आलं, जवळपास तेवढ्याच आकारात १० गोळ्या, वजन रिकामं साधारण अर्धा किलो. त्यानंतर लहान हवं म्हणून .३८० घ्यायचं कारणच फारसं उरलं नाही. मी स्वतः तेच कॅरी करतो.

पण तू साधा माणूस नाहीस, तुझं उजवं मनगट आहे. सेकंड इयरला स्प्लेंडरवरून पडलास, प्लेट बसवली, परीक्षेत मी तुझा रायटर होतो, मी कसं विसरेन? लहान ९ एमएमची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, आखूड आणि स्प्रिंग कडक असते, मागे ओढताना मनगटावर जोर येतो. आणि फायर करताना मनगट ढिलं पडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी केस बाहेर पडायच्या ऐवजी मध्येच उभी अडकते. रेंजवर अडकली तर काढता येते, पार्किंगमध्ये तेवढा वेळ कुणी देत नाही.

म्हणून तुझ्यासाठी खरा प्रश्न इथे आहे. आधी ९ एमएम मार. मनगटाने साथ दिली तर विषय संपला. नाही दिली तर .३८० घे, पण खिशात मावणारं ते छोटं नको. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघ, .३८० मधलं. अर्ध्या किलोच्या वर वजन, ८ गोळ्यांचं मॅगझिन, आणि स्लाइड इतकी हलकी की माझ्या सासूबाईंनी एका झटक्यात ओढली. लहान काडतूस जरा मोठ्या पिस्तुलात घातलं की धक्का खरंच कमी लागतो. लपवायला थोडा सैल शर्ट घालावा लागेल, घाल. न लागलेल्या पाच ९ एमएमपेक्षा नेमक्या लागलेल्या दोन .३८० मला तुझ्या हातात चालतील. शिवाय चुकलेली गोळी जाते कुठे ते बघ ना, तुमच्या दुकानाच्या शीटरॉकच्या पातळ भिंतीपलीकडे मेधा वहिनी बिलं करत बसलेल्या असतात. सरावाला साधी गोळी वापर, कॅरीला होलो पॉइंट, आणि जी कॅरी करणार तीच निदान ५० तरी मारून बघ की तुझ्या पिस्तुलात अडकत नाही ना.

अजून एक, ह्यावर वाद नको. अर्णव सात वर्षांचा आहे. पिस्तूल घरी यायच्या आधी स्टीलची लॉकबॉक्स घरी आली पाहिजे, आणि अंगावर नसेल तेव्हा ते त्यातच. कपाटावर, उशीखाली, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असलं काही नाही. ते जमणार नसेल तर घेऊ नकोस, मी मदत पण करणार नाही. वहिनींशी पण मोकळं बोल, त्यांना स्लाइड ओढता येते का ते पण बघू.

शनिवारी सकाळी ये, राउंड रॉकहून लवकर निघालास तर दहापर्यंत पोचशील. इथल्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात, ९ एमएम, ईझी आणि तुला हवंच असेल तर .४५ पण, तिन्ही मारून बघ. ७ यार्डांवर कागद लावू, ताटलीएवढ्या गोलात पाच गोळ्या, मी घड्याळ लावतो. एकदा ताज्या हाताने आणि एकदा तासाभराने मनगट दमल्यावर, दुसऱ्या वेळेला जे आतमध्ये लागेल ते तुझं. तोवर दुकानात जाऊन काही उचलू नकोस, सेल लागला असला तरी. आणि बंद गळ्याचा टीशर्ट घालून ये, तापलेल्या केसेस उडून गळ्यातून आत जातात, चांगल्या भाजतात.

तुझा,
सुहास

ता. क. या आठवड्यात गल्ला रोज एकाच वेळेला नेऊ नकोस, आणि वहिनींना दाराशी फोन घेऊन उभं राहायला सांग. गाडीत बसलास की मला मिस्ड कॉल दे, मी जागा असतो.