सेन्सर तुमच्या माणसाने मोडला, मग बिल मला का?

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतल्या लेझर प्रिंटरचा सेन्सर तुमच्या इंजिनिअरने मोडल्याबद्दल आणि वर फ्यूजरचं (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाचं) बिल मला पाठवल्याबद्दल

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ता ठेवला आणि हे लिहायला घेतलं. मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, तक्रार नंबर सगळं तुमच्या सिस्टीममध्ये आहे, प्रत्येक फोनला मी तेच पहिल्यापासून वाचून दाखवते, इथे परत लिहीत बसत नाही.

मशीनमध्ये आता कागद अडकलेला नाही. डिस्प्लेवर पेपर जाम येतोय कारण मागे कागद बाहेर पडतो तिथली सेन्सरची काळी प्लॅस्टिकची काडी मोडलीय, आणि ती तुमच्या इंजिनिअरने मोडलीय. मशीन गेल्या दिवाळीत घेतलंय, म्हणजे वॉरंटीत आहे. तरी तुम्ही मला फ्यूजर युनिटचं 6,800 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी असं एस्टिमेट पाठवलंत आणि कारण काय लिहिलंत, तर 'ग्राहकाच्या हाताळणीमुळे नुकसान'.

माझं चिपळूणला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. प्रिंटर उघडणं, टोनर काढणं, रोलर पुसणं ही माझी रोजची कामं आहेत. पावसात कागद ओल धरतो, कडा वळतात, ट्रेमधून दोन दोन कागद एकदम ओढले जातात, म्हणून रिम मी पाकिटातच कपाटात ठेवते आणि लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये टाकते. कागद 75 जीएसएमचा वापरते. तुमच्याच बॉक्सवर 60 ते 163 जीएसएम चालेल असं छापलंय, तेव्हा कागदावर ढकलू नका, तो प्रकार तुमच्या लोकांनी आधीच करून झालाय.

कागद अडकला तेव्हा त्याचं पुढचं टोक फ्यूजरच्या रोलरमध्ये गेलं होतं आणि मागचा भाग टोनरच्या खाली होता. मागचं झाकण उघडलं की दोन हिरव्या दांड्या दिसतात, त्या खाली केल्या की रोलरचा दाब सुटतो आणि कागद दोन्ही हातांनी, ज्या दिशेने मशीन तो नेतं त्याच दिशेने हळू ओढायचा असतो. हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलंय. मी तसंच करणार होते, पण दांडी एका बाजूची खाली येत नव्हती, घट्ट बसली होती, जोर लावून मोडायला नको म्हणून वॉरंटीत फोन केला. तुमचा इंजिनिअर आला. त्याने मागचं झाकण उघडलंच नाही, पुढून टोनर काढला, आत हात घातला आणि कागद उलटा ओढला. कागद फाटला, तिकोनी तुकडा आत राहिला. मी म्हटलं थांबा, मागून घ्या, तर म्हणाला मॅडम होतंय. मग मागून स्क्रू ड्रायव्हर घालून तो तुकडा खरवडून काढला आणि तेव्हा टक् असा आवाज आला, तो मी माझ्या कानांनी ऐकलाय. तुकडा निघाला पण मशीन परत पेपर जामच दाखवायला लागलं. तो म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, त्यासाठी ओटीपी द्या. ओटीपी दिला आणि तो गेल्यावर मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.

ती काडी काय करते हे तुम्हाला माहीतच आहे. कागद पुढे सरकला की ती ढकलली जाते, कागद निघून गेला की स्प्रिंगने जागेवर येते. ती जागेवर आली नाही तर मशीनला वाटतं कागद अजून आतच आहे. मी टॉर्च लावून बघितलं, काडी मुळाशी तुटून तिरकी लटकतेय, फोटो आणि व्हिडिओ मेल केलेत. फ्यूजर व्यवस्थित आहे. तरी बदलायचा फ्यूजर, आणि तोही माझ्या खर्चाने.

आता आजच्या फोनबद्दल. हे सगळं मी सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, मॅडम कागद हळूच ओढून काढा. मी म्हटलं कागद नाहीये, सेन्सरची काडी तुटलीय. तो म्हणाला, डिस्प्लेवर पेपर जाम येतोय म्हणजे कागद आहे. मी परत समजावलं, काडी कुठे असते, काय करते, व्हिडिओ कुठल्या मेलवर पाठवलाय, सगळं. तो सगळं ऐकून जरा थांबला आणि म्हणाला, मॅडम तिथे कोणी सर आहेत का, त्यांना फोन द्या, त्यांना सांगतो. मी म्हटलं दुकान माझं आहे, बिल माझ्या नावावर आहे, मशीन मी वापरते, कुठले सर? तर म्हणतो, तसं नाही मॅडम, टेक्निकल आहे ना, म्हणून विचारलं. त्या वेळी दुकानात सातबाऱ्याची झेरॉक्स घ्यायला आलेले एक काका होते, ते एकटेच पुरुष, त्यांना देऊ का फोन? त्यांना फ्यूजर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण तुमच्या माणसाला ते चालले असते. मी सुपरवायझर मागितला, मला होल्डवर टाकलं, बराच वेळ तेच म्युझिक, मग दुसरा कोणीतरी आला आणि एकच वाक्य बोलला, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही. डॅमेज कोणी केलं हे विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फोन कट झाला आणि लगेच मेसेज, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल.

2021 च्या पुरात दुकानातलं सगळं गेलं, तेव्हा पुन्हा उभं राहताना पहिलं मशीन मी तुमच्या कंपनीचं घेतलं. काम वाढलं तेव्हा हे दुसरंही तुमचंच, दुकानदार दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात देत असताना. आज अॅडमिशनचे दिवस आहेत, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, मुलांच्या फॉर्मना शेवटच्या तारखा आहेत, आणि मी त्यांना समोरच्या दुकानात पाठवतेय. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येईलच असं नाही, त्याची भरपाई तुमच्या कुठल्या कॉलममध्ये बसते?

मला हवंय ते असं. फ्यूजरचं एस्टिमेट लेखी रद्द करा. सेन्सरची काडी वॉरंटीत फुकट बदलून द्या आणि मागचं झाकण उघडता येतं असा माणूस पाठवा. आजच्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, तुम्हीच म्हणता ना कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून. आणि सर आहेत का विचारणाऱ्याच्या वतीने कंपनीने माझी लेखी माफी मागायची.

सात दिवसांत हे झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि त्यानंतर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस. दुकानासाठी घेतलेलं मशीन आहे म्हणून ग्राहक नाही असं तुमचे वकील म्हणतील, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरलीय. केस मी राहते त्या जिल्ह्यात करता येते आणि एवढ्या किमतीच्या मशीनला फी पण लागत नाही, त्यामुळे रत्नागिरीला यायचा खर्च तुमचा. फाटलेला कागद, तो तिकोनी तुकडा आणि इंजिनिअरने सही केलेली जॉब शीट मी पाकिटात घालून ठेवलीय. जॉब शीटवर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'पेपर काढला, फ्यूजर ओके'.