मामांचं कॉफी मशीन भंगारात देऊ नकोस

म्हापसा, गोवा

प्रिय दिगू,

तू पाठवलेला फोटो पाहिला. फोनवर सगळं बोलणं होणार नाही म्हणून लिहायलाच बसलो. मामांचा फ्लॅट रिकामा करताना माळ्यावर सापडलेलं ते पांढरं कॉफी मशीन तू भंगारवाल्याच्या ढिगात ठेवलंयस म्हणे. आधी ते उचलून आत आण, मग पुढचं वाच.

पाठीमागे उभ्या बारीक पन्हळी आहेत ना? आणि दोन नळकांडी एकमेकांत शिरल्यासारखा आकार? मग ते ब्राउन या जर्मन कंपनीचं केएफ ४० आहे. हार्टविग काल्के यांनी केलेलं, १९८४ चं डिझाइन. मामा जर्मनीत नोकरीला होते, तेव्हा तिथूनच आणलं असणार.

याच्या आधीचं केएफ २० माझ्याकडे आहे, ते नारिंगी. १९७२ साली फ्लोरियान झाइफर्ट यांनी केलं. सगळ्यात वर पाण्याची टाकी, मधे गाळणीचं भांडं, खाली काचेचा जग, आणि पाठीला धातूच्या दोन बारीक नळ्या. बाकी सगळी मोकळी हवा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनेही ते आपल्या संग्रहात ठेवलंय. जुनी मशीनं जमवणारे सगळे त्याच्याच मागे असतात. मीही होतो. हळदोण्याला एका जुन्या घराची आवराआवर चालली होती, तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ते ठेवलेलं दिसलं आणि माझे पाय हलेनात. त्या घरातले तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, बोटीवरून येताना घेऊन आलेले. गाळणीच्या मुठीवरची चकाकी बोटांच्या जागी तेवढी गेली होती, बाकी मूठ नव्यासारखी. कुणीतरी रोज सकाळी तिथेच धरत होतं.

पण खरं सांगू? माझ्या मते तुझं केएफ ४० जास्त चांगलं मशीन आहे, आणि ते का, हे तुला कळावं म्हणून हा सगळा प्रपंच.

या मशीनमध्ये पंप नसतो. जगाखालच्या तव्याच्या पोटात तापणाऱ्या कॉइलला चिकटून ॲल्युमिनियमची वाकवलेली नळी असते. टाकीतलं गार पाणी एका झडपेतून तिच्यात उतरतं, तिथे उकळतं, आणि वाफेचे बुडबुडे पाण्याला वर ढकलत नेतात. झडप पाण्याला मागे फिरू देत नाही. तो गुडगुड आवाज त्याचाच. म्हणजे एकच कॉइल पाणीही तापवते आणि जगही गरम ठेवते. केएफ २० मध्ये पाणी वर आणि तवा खाली, त्यामुळे तापवायची सोय दोन ठिकाणी करावी लागली आणि मशीन महाग पडलं. काल्के यांनी टाकी खाली आणून जगाच्या पाठीशी उभी केली. एका कॉइलमध्ये काम भागलं. तो दोन नळकांड्यांचा आकार असा आतल्या पाण्याच्या वाटेतून आलाय.

आणि त्या पन्हळी! स्वस्त पडावं म्हणून पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक वापरलं. ते साच्यातून निघताना आकसतं, सपाट भागावर खड्डे आणि लाटा दिसतात. पन्हळींत ते दिसत नाहीत. तेव्हा ब्राउनच्या डिझाइन विभागाचे प्रमुख डीटर राम्स होते, फालतू नक्षी त्यांनी चालवून घेतली नसती. या रेघा कारणाने आल्या म्हणूनच इतक्या देखण्या वाटतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मशीन ठेवून बघ एकदा.

आमच्याकडे पावसाळ्यात या मशीनांचे फार हाल होतात. आतल्या जोडांवर हिरवं चढतं, टाकीला कुबट वास येतो. पाऊस सुरू झाला की मी सगळी पुसून, झाकणं उघडी ठेवून कपाटात ठेवतो. वापरातलं एकच ओट्यावर राहतं, आणि रोज वापरलेलंच सगळ्यांत चांगलं टिकतं.

तुझ्याकडे पुण्यात ते एवढ्यात सुरू करू नकोस. जर्मन प्लगला अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून मिळतं. आपल्या सॉकेटमध्ये त्याच्या पिना शिरतात, पण अर्थिंग जोडलंच जात नाही. आधी चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांचा प्लग बसवून घे. आतला रबरी पाइप कडक झाला असेल तर तोही बदलायला हवा. आत उष्णतेने उडणारा एक फ्यूज असतो. तो गेलेला निघाला आणि कुणी ‘फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो’ म्हणालं, तर मशीन उचल आणि घरी ये. मशीनला आग लागत नाही ती त्या फ्यूजमुळेच. मग टाकीत सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून एकदा चालव, वर्षानुवर्षांचे क्षार सुटतील. त्यानंतर दोन-तीनदा नुसतं पाणी.

कागदी गाळणी १×४ मापाची. ऑनलाइन सहज मिळते. कॉफी चिकमगळूरची घे, चिकोरी नसलेली आणि जराशी जाडसर दळलेली. लिटरला साठ ग्रॅम.

ते मला देऊन टाकायची भाषा मात्र करू नकोस. फोनवर तू तसं म्हणालास, मला बरंही वाटलं, पण ते तुझ्या घरात चालायला हवं. मामांच्या हातची कॉफी तू त्यातूनच प्यायला असशील. मला फक्त एकदा खोलून, साफ करून, नीट जोडून देऊ दे. चतुर्थीला येताना गाडीत घाल. जग मात्र वेगळा गुंडाळून वहिनींच्या हातात दे. आंबोलीच्या वळणांवर डिकीत तो वाचणार नाही, आणि या मशीनांचे जगच आधी फुटतात, मग मिळता मिळत नाहीत.

जगाचं झाकण फोटोत दिसलं नाही. माळ्यावर परत चढून बघ आणि आजच कळव.

तुझा,
आनंद