कपाळं कॅमेरामननं कापलेली नाहीत

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतल्या चार मित्रांच्या चित्रपटगप्पा वाचल्या. नव्या मालिकांबद्दल त्यांनी जे म्हटलं त्यावर माझा आक्षेप नाही, आवड ज्याची त्याची. पण चाळीसच्या दशकातल्या त्या कृष्णधवल चित्रपटाला ‘क्लोजअपमध्ये कपाळं कापलेली, नाचात पाय गायब, कॅमेरामनला चौकटच साधलेली नाही’ असा शेरा मारून पाचपैकी दोन तारे दिले, ते वाचून राहवलं नाही. अख्खा चित्रपट असा चित्रित करणारा माणूस स्टुडिओत टिकला असता का, एवढा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडू नये?

कपाळं आणि पाय कापले ते चित्रपट आजच्या टीव्हीच्या मापात कोंबणाऱ्यानं. १९३२ नंतरच्या बोलपटांची चौकट १.३७ : १ होती, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. रुंद पडद्याची लाट आली १९५३ मध्ये, ‘द रोब’ या सिनेमास्कोप चित्रपटापासून. त्यापूर्वीचा बोलपट आजच्या १६ : ९ च्या टीव्हीवर इमानदारीनं दाखवायचा, तर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे सोडावेच लागतात. ते पट्टे नकोत म्हणून चित्र मोठं करून पडदा भरला की उंचीतला २३ टक्के भाग बाहेर जातो. वरून आणि खालून सारखा कापला तर प्रत्येकी साडेअकरा टक्के. छायालेखक क्लोजअपमध्ये डोळे साधारण वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या रेषेवर ठेवतो. वरचे साडेअकरा टक्के गेले की आधी केस जातात, मग कपाळ. पूर्णाकृती दृश्यात खालचे साडेअकरा टक्के म्हणजे नर्तकीची पावलं. ज्या दोन गोष्टींवरून तारे कमी केले, त्या दोन्हींचं कारण हे एकच.

जुन्या मालिकांचंही तेच. ४ : ३ चं चित्र १६ : ९ मध्ये भरलं की बरोबर चौथा हिस्सा उडतो. २०२१ मध्ये ‘साइनफेल्ड’ नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा रस्त्यावरच्या खड्ड्याभोवती फिरणाऱ्या भागात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. २०१९ मध्ये ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग डिस्ने प्लसवर असेच कापून आले. बिअरचे तीन वेगवेगळे प्रकार एकाच नळातून भरले जातात हा एक विनोद होता, आणि नेमका तो वरचा नळच कापला गेला. प्रेक्षक ओरडले म्हणून पुढच्या वर्षी मूळ चौकटीचा पर्याय मिळाला. ते ओरडले नसते तर आज कुणीतरी लिहिलं असतं की तो विनोद कळतच नाही.

याच्या उलटही घडतं. त्याच गप्पांत एका साठच्या दशकातल्या चित्रपटात वरून माईक डोकावतो म्हणून बरीच खिल्ली उडवली आहे. तेव्हाचे कित्येक चित्रपट फिल्मवर जवळजवळ चौकोनी चित्रित होत आणि चित्रपटगृहात प्रोजेक्टरच्या झरोक्यातली पट्टी वरखालचा भाग झाकून १.८५ : १ चं चित्र पडद्यावर टाकत असे. माईक धरणाऱ्याला ती सीमा ठाऊक असायची, तो तिच्या वरच राहायचा. पुढे टीव्हीसाठी प्रत काढताना कुणी ते झाकण उघडं ठेवलं, की माईक, दिव्यांचे खांब, सेटची वरची कड, सगळं उघड्यावर येतं. दिग्दर्शकानं जे कधी दाखवलंच नाही, त्याबद्दल त्याला हसणं हा अन्याय आहे. तो माणूस आज उत्तर द्यायला हयात नसेल, तर जास्तच.

स्कोप, म्हणजे सिनेमास्कोपसारख्या रुंद चौकटीच्या, चित्रपटांचे हाल सर्वांत वाईट. २.३५ : १ चं चित्र जुन्या टीव्हीसाठी ४ : ३ मध्ये बसवताना ४३ टक्के चित्र फेकलं जाई. दोन टोकांना उभी असलेली दोन माणसं एका वेळी दिसणं शक्यच नसे, म्हणून मूळ दृश्यात नसलेला कट मारत किंवा चौकट कृत्रिमपणे सरकवत. ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातली माणसांच्या मधली रिकामी जागा गेली, तर त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या कामाबद्दल बोलायला उरतं काय?

पुनरुज्जीवित प्रत ‘स्वस्त मालिकेसारखी गुळगुळीत’ दिसते, हा दोषही प्रतीचा नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात आणि टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतःची बनवलेली चित्रं घुसवतो. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. ते बंद करावं, किंवा टीव्हीची अशी ढवळाढवळ बंद करणारा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावावा. नव्या चित्रपटात ‘संवाद पुटपुटल्यासारखे’ वाटले, तर आधी ऑडिओ ५.१ वरून, म्हणजे सहा स्पीकरांसाठीच्या आवाजावरून, दोन स्पीकरांच्या स्टिरिओवर आणून बघावा. ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरचे असतात, आणि तो स्पीकर नसलेल्या घरी ते नीट मिसळले गेले नाहीत तर दबतात. एवढं करूनही ऐकू आले नाहीत, तर ध्वनिमिश्रण करणाऱ्याला खुशाल बोला.

हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. १९५३ च्या आधीचा बोलपट पडदा भरून दिसत असेल तर संशय घ्यावा. घड्याळ, चाक, पूर्ण चंद्र अंडाकृती दिसला तर चित्र ताणलेलं आहे. टीव्हीचं ‘वाइड’ किंवा ‘झूम’ काढून मूळ आकार निवडावा. तरीही कपाळ कापलेलंच राहिलं तर प्रतच कापलेली आहे, टीव्हीच्या बटणांनी ते परत येत नाही. श्रेयनामावलीची अक्षरं कडेला तुटलेली आहेत का पाहावं. मग लांबी बघावी. २४ चित्रांचा चित्रपट २५ च्या वेगानं चालवलेली प्रत असेल तर १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढतात. मूकपटात तर माणसं धावताना दिसतात, कारण सेकंदाला १६ ते २० चित्रांनी हातानं फिरवलेलं रीळ २४ नं चालवलेलं असतं. त्याला ‘त्या काळचा अतिरंजित अभिनय’ म्हणू नये.

तेव्हा विनंती एवढीच, की या सदरात प्रत्येक जुन्या चित्रपटाच्या नावापुढे वर्ष, पाहिलेल्या प्रतीची चौकट आणि लांबी छापावी. एका ओळीचा मजकूर आहे. आणि त्या चित्रपटाचे तारे मूळ चौकटीतली प्रत पाहून पुन्हा द्यावेत, आधीचे मागे घेतले असं स्पष्ट लिहून. छायालेखकाला नावं ठेवली आहेत, पण त्याचं नाव मात्र आख्ख्या पानात कुठेही नाही. तेही या वेळी छापा.

आणखी एक. त्याच पानावर रहस्यमालिकेतला खुनी कोण हे मथळ्यातच दिलं आहे. मजकुरात असतं तर वाचणं थांबवता आलं असतं, मथळा मात्र पान उलटतानाच वाचला जातो. ती मालिका अजून संपलेली नाही, शेवटचे दोन भाग बाकी आहेत. निदान ते येईपर्यंत संकेतस्थळावरचा मथळा तरी बदला.

आपला,
एक नियमित वाचक