मोटार बदलण्याआधी ओळी मोजा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं यंत्र, बनवणाऱ्या पोरांवर लेख आला होता. लेख चांगला, फोटोही झकास. पण शेवटाकडे एक वाक्य होतं: यंत्र माप चुकवायला लागलं की स्टेपर मोटार (विजेच्या प्रत्येक ठोक्याला एकेक पायरी फिरणारी मोटार) खराब झाली असं समजावं आणि सरळ बदलावी. त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहितोय. याच सल्ल्यावर मी ६,६०० रुपये घालवलेत, आणि तीन धडधाकट मोटारी आज माझ्या कपाटात जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पडल्यात.

मी इचलकरंजीचा. १९८६ पासून साध्या मागांवर जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारा, होतो. गुडघे बोलायला लागले तेव्हा थांबलो. मेहुणे सुतार, देव्हारे करतात. कोरीवकामाला माणूस मिळेना म्हणून रोज कुरकुर चालायची. म्हटलं, यंत्रच करू. चौकोनी पाइप वेल्ड करून सांगाडा केला, १६ मिलिमीटर जाडीचे आणि ५ मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारे) बॉल स्क्रू आणले, नेमा २३ मापाच्या तीन स्टेपर मोटारी, त्यांना करंट देणारे टीबी ६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा सप्लाय आणि आर्डुइनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल, म्हणजे ड्रायव्हरला ठोके सोडणारा प्रोग्रॅम. भाचा आयटीआयला आहे, कॉम्प्युटरचं त्यानं बघितलं. जोडायला पावसाळा गेला.

सुरुवातीचे बिघाड पोरखेळच होते. एक मोटार फिरायच्या ऐवजी जागच्या जागी थरथरायची. चार वायरी, त्यातल्या दोन-दोन एका कॉइलच्या. आम्ही रंग बघून जोडल्या होत्या, पण रंगांना काही कायदा नाही, एका कारखान्याचा काळा-हिरवा तो दुसऱ्याचा लाल-निळा. मीटर नसला तरी जोडी सापडते: मोटार यंत्रापासून सोडवायची, कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना लावायची आणि शाफ्ट बोटांनी फिरवायचा. जड लागला तर जोडी जमली, हलका फिरला तर नाही. दुसरा बिघाड माझ्याच हातचा. सप्लाय चालू असताना मोटारीचा प्लग उपसला आणि ड्रायव्हर गेला. चालू कॉइलची वाट अचानक तोडली की ती उलटा झटका मारते, तो ड्रायव्हरच्या आतल्या ट्रान्झिस्टरना सोसत नाही. तो दोष मोटारीचाही नाही नि दुकानदाराचाही, मूर्खपणा माझा.

खरं दुखणं नंतर आलं. देव्हाऱ्याच्या कमानीची पट्टी, सागवानी, ३०० मिलिमीटर लांब. मधे कलश, दोन बाजूंना मोर. कटर माझ्या दिशेनं पुढं-मागं (हा वाय अक्ष) फिरत एकेक ओळ कोरायचा आणि प्रत्येक ओळीनंतर ०.३ मिलिमीटर उजवीकडं (हा एक्स अक्ष) सरकायचा. म्हणजे हजार ओळी. डावा मोर सुरेख उतरला. कलश जरा खाली बसल्यासारखा वाटला. उजव्या मोरापर्यंत येईस्तोवर अख्खं चित्र तीन मिलिमीटर माझ्याकडं सरकलेलं आणि मोराची चोच कमानीची कड फोडून बाहेर. मेहुण्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि काही न बोलता खाली ठेवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

कोल्हापूरच्या एका दुकानात पट्टी दाखवली. "काका, मोटर गेली बघा. स्टेप सोडतीय. बदलून टाका." मोटार हाताला चटका देत होती, म्हणून मलाही पटलं. घेतली नवी, २,२०० रुपये. घसरण तेवढीच. मग म्हणाले, ताकद कमी पडतीय, लांब बॉडीची घ्या. घेतली. घसरण तेवढीच. दुसऱ्या दुकानात गेलो तर तो म्हणाला आधीच्यानं डुप्लिकेट माल दिला. तिसरीही घेतली. मधल्या काळात २.८ अँपिअरच्या मोटारीला ड्रायव्हरच्या स्विचवरून साडेतीन अँपिअर देऊन बघितले. मोटार आणखी तापली, मोर होता तिथंच.

तापण्याबद्दल इथंच सांगतो. स्टेपर उभी असतानाही करंट खाते, जागा धरून ठेवायची असते तिला. वरचं आवरण सत्तर अंशांवर गेलं तरी ती बिघडलेली नसते. माणसाचा हात त्याच्या बराच आधी मागं येतो. हाताला भाजलं म्हणजे जळाली, हे गणित पंख्याच्या मोटारीचं, इथं चालत नाही.

तिसऱ्या मोटारीनंतर मी स्वतःवरच चिडलो. मागावर आम्ही असं कधी केलं नव्हतं. धोटा उडाला तर कुणी धोटा बदलत बसत नाही, मार बघतात, पट्टा बघतात, वेळ जुळलीय का बघतात. मागाला एक सोयही असते. बाण्याचा धागा तुटला की वेफ्ट फोर्क नावाच्या काट्याला ते कळतं आणि माग आपोआप थांबतो. स्टेपरला असा फोर्क नाही. ठोका आला की ती एक पायरी हलते; खरंच हलली का, हे उलट कळवायची काही तजवीज नाही. एन्कोडरवाल्या, म्हणजे किती फिरलो ते उलट कळवणाऱ्या, मोटारी येतात, त्या महाग. तेव्हा फोर्कचं काम आपणच करायचं.

यंत्रावरची मूळची पहिली मोटार परत चढवली. सुनेकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि मोटारीच्या शाफ्टवरून तो स्क्रूला जोडणाऱ्या कपलिंगवर, कपलिंगवरून स्क्रूवर अशी एक सलग लाल रेघ ओढली. कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टला आवळणारा बारीक स्क्रू) ढिला असला तर रेघ तुटते. पूर्ण पट्टी चालवली, रेघ अखंड. मग स्पिंडल (कटर फिरवणारी मोटार) बंद ठेवून हवेतच चालवलं. व्हीएफडीचा, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या खोक्याचा, गोंगाट सिग्नलच्या वायरींत शिरतो आणि भुताटकीचे ठोके पडतात, असं भाचा म्हणत होता. खोटं नाही ते, पण आमच्या यंत्रावर फरक शून्य. मग एक्सचा ड्रायव्हर वायला आणि वायचा एक्सला लावला. (या वेळी सप्लाय बंद करून, दहा मिनिटं थांबून.) घसरण वायवरच.

तेव्हा ती पट्टी मी पहिल्यांदा नीट बघितली. कुठंही पायरी पडलेली नव्हती. चित्र उतरणीवरून गेल्यासारखं एकसारखं सरकत गेलं होतं. मोटार अडकते, दमते तेव्हा असं होत नाही, तेव्हा एका जागी खाडकन तुटक दिसते. भाच्याला म्हटलं, ओळी निम्म्या कर. त्यानं ०.३ चं ०.६ केलं, पाचशे ओळी झाल्या. घसरण दीड मिलिमीटर. पट्टी तेवढीच, घसरण निम्मी! मग त्याला म्हटलं, आता ओळी आडव्या फिरव. वायची घसरण गेली आणि एक्सवर आली. ज्या एक्सच्या मोटारीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, तीही लबाड निघाली. म्हणजे कुठलीच लबाड नव्हती.

डायल गेज (बारीक सरकणंही काट्यावर दाखवणारं माप) लावून परत वायवर फक्त वीस ओळी हवेत चालवल्या. काटा सहा शतांश मिलिमीटर सरकला. इथं सगळं उलगडलं. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या, माझ्या स्क्रूवर एक पायरी ०.०२५ मिलिमीटरची. मोटार भाराखाली अडखळली तर ती चार पायऱ्यांच्या पटीतच सोडते, कारण तिच्या चुंबकांची घडी दर चार पायऱ्यांनी जुळते. म्हणजे निदान ०.१ मिलिमीटर. सहा शतांश सोडणं तिच्या हातातच नाही. ड्रायव्हर मात्र एका पायरीचे आठ तुकडे करतो, एक तुकडा ०.००३१२५ मिलिमीटरचा. वीस ओळींना वीस तुकडे, सहा शतांश. हजार ओळींना तीन मिलिमीटर. दर ओळीमागे एक तुकडा हरवत होता आणि ओळ संपली की काय होतं? दिशा बदलते.

ड्रायव्हरकडं दोन वायरी जातात, एक ठोक्याची आणि एक दिशेची. दिशा आधी सांगायची, मग ठोका द्यायचा. किती आधी, तर या जातीच्या ड्रायव्हरच्या पत्रकांत पाच मायक्रोसेकंद वगैरे लिहिलेलं असतं. जीआरबीएल दिशा आणि ठोका जवळजवळ एकाच क्षणी सोडतो. ड्रायव्हरच्या आतला ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडानं पुढं पोचवणारा भाग) एका बाजूला वळताना चटकन वळतो आणि दुसऱ्या बाजूला वळताना रेंगाळतो. तेवढ्यात ठोका येऊन पडतो आणि पहिला तुकडा जुन्याच दिशेला जातो. एक तुकडा उलटा गेला म्हणजे दोघांचा फरक, जाऊन-येऊन दोन ओळींना दोन तुकडे. एकाच वळणावर होतं म्हणून घसरण नेहमी एकाच अंगाला.

उपाय फुकटचा निघाला. जीआरबीएलमध्ये डॉलर-दोन ही ठोका उलटा करायची सेटिंग असते. तिथं शून्य होतं, तिन्ही अक्षांसाठी सात केलं. आता ड्रायव्हर ठोक्याच्या सुरुवातीला न हलता शेवटाला हलतो, आमचा ठोका दहा मायक्रोसेकंदांचा, म्हणजे दिशेला वळायला तेवढा अवधी मिळाला. हजार ओळी चालवल्या, डायल गेजचा काटा शून्यावर परत आला. भाचा ओरडला. मी खाली बसून चहा मागवला.

सगळ्यांचा बिघाड हाच असतो असं मी म्हणत नाही. जोरात पळवताना किर्र करून थांबत असेल तर वेग किंवा ॲक्सिलरेशन कमी करा. आमची २४ व्होल्टवर मिनिटाला ३,००० मिलिमीटरच्या पुढं गेली की दम सोडते, वेग वाढला की या मोटारींची ताकद घटतेच. एका जागी तुटक पडत असेल तर लाकडात, रेलवर, ग्रब स्क्रूत शोधा. पण घसरण एकसारखी असेल तर आधी ओळी मोजा.

तुमच्यामार्फत माल विकणाऱ्यांना एवढंच विचारायचंय. मोटारीच्या खोक्यात वॉरंटीचं रंगीत कार्ड टाकता, तिथं कॉइलच्या जोड्या, करंट आणि ड्रायव्हरच्या वेळा लिहिलेली चतकोर मराठी चिठ्ठी टाकायला काय जातं? मला तीन खोक्यांत तीन कार्डं मिळाली, तिन्हींवर शुभेच्छा होत्या.

आणि एक. यंत्रावर आज फिरतेय ती पहिलीच मोटार. कपाटातल्या तीन मोटारी मला नकोत. आयटीआयच्या कुणा विद्यार्थ्याला यंत्र करायचं असेल तर तुमच्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर सोबत जोडलाय. मोटारी फुकट देईन. फक्त येताना त्यानं चार वायरींतल्या जोड्या माझ्यासमोर, मीटर न वापरता, काढून दाखवाव्यात.

आपला,
एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी