पंपवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका,

फोनवर थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही "बरं बरं, लीक नाही ना कुठे?" असं विचारून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. बाकीच्यांनीही वाचावं, आणि ज्यांनी माझी टाकी लावून दिली त्यांच्या नजरेस पडलं तर फारच उत्तम.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझी 2000 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, कोरल आणि माशांची, आणि तिला मोठा प्रोटीन स्किमर आहे. स्किमर म्हणजे एक उभं नळकांडं, त्यात खूप बारीक बुडबुडे सोडायचे, पाण्यातली प्रोटीनसारखी घाण त्या बुडबुड्यांना चिकटते कारण तिच्या कणांचं एक टोक पाण्यापासून लांब पळणारं असतं, मग त्याचा फेस वर चढतो, कपात पडतो आणि ती घाण टाकीतच सडून अमोनिया व्हायच्या आत बाहेर जाते. गोड्या पाण्यात हे नीट जमत नाही, तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणजे सगळा खेळ बुडबुडा किती बारीक आणि पाण्यात किती वेळ टिकतो यावर, आणि ते ठरतं पंप आणि पाइपवर. हे शेवटचं वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

टाकी लावणाऱ्यांकडे सगळ्याला एकच औषध होतं, मोठा पंप. फेस येत नाही? मोठा पंप. कप उतू जाऊन जमिनीवर घाण पाणी? मोठा पंप. तो मोठा पंप आला आणि सतत खडखड करायला लागला तर म्हणे "ताई, मोठा पंप आहे, आवाज करणारच." मी हेड (पाणी किती उंच चढवायचं ते) किती धरलाय, सक्शनला (पंपात पाणी येतं त्या पाइपला) हा रिड्यूसर (पाइप बारीक करणारा जोड) कशाला लावलाय असं विचारलं की उत्तर माझ्या भावाकडे बघून द्यायचे. भावाला टाकीतला एक मासा नावाने ओळखता येत नाही. शेवटी एकदा स्पष्टच म्हणाले, "ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार." नंतर फोन उचलणंच बंद.

मग मैत्रिणीच्या बाबांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही आयुष्यभर कारखान्यांचे पंप बसवलेत, मासा एकही पाळलेला नाही. तुमचं पहिलं वाक्य आठवतंय, "हा स्किमर काय असतो मला माहीत नाही, पोरी, आधी तू मला समजव." मी समजावलं आणि तुम्ही मध्ये न तोडता ऐकलंत. मग जरा थांबून म्हणालात, "म्हणजे यात कामं दोन आहेत, पाण्यात हवा कालवायची आणि नळकांड्याला पाणी भरवायचं. दोन्ही एकाच पंपाच्या गळ्यात का घातलीत?"

काका, एवढ्याच प्रश्नात सगळं आलं. स्किमरला त्यासाठी जास्तीची तोंडं होतीच, लावणाऱ्यांनी ती बूच मारून बंद करून टाकली होती! आता मोठा पंप फक्त स्किमरच्याच पोटातलं पाणी ओढतो आणि व्हेंचुरीतून, म्हणजे पाण्यात हवा ओढून घेणाऱ्या अरुंद नळीतून, परत आत मारतो, आणि संपमधून (टाकीखालच्या दुसऱ्या टाकीतून) नवीन पाणी आणायला एक छोटा वेगळा पंप आहे, ज्याला घाई नाही. तेच पाणी बुडबुड्यांतून पुन्हा पुन्हा फिरतं. एक वाढवलं की दुसरं बिघडतं ही कटकटच संपली.

आवाजाचं तर तुम्ही नुसतं रेकॉर्डिंग ऐकून ओळखलंत. दीड इंची तोंडाच्या पंपाला रिड्यूसर लावून एक इंची सक्शन, तोंडाला चिकटून एल्बो (काटकोनी जोड), वर फ्लो कमी करायचा व्हॉल्व्ह पण सक्शनलाच. "नाक दाबून पळायला लावलंय बिचाऱ्याला," असं म्हणून तुम्ही इतके हसलात की मला पण हसू आलं, त्या आठवड्यात पहिल्यांदा. कॅव्हिटेशन, आत पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि इंपेलर (पंपातलं फिरणारं पातं) खातात. सक्शन पंपाच्या तोंडापेक्षा कधीच बारीक नको, तोंडाआधी पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट तरी सरळ पाइप पाहिजे, आणि पाणी कमी करायचं तर डिलिव्हरीकडून, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूने. तेवढ्याच पाण्याला एक इंचीऐवजी दीड इंची पाइप टाकला तर घर्षण साधारण सातव्या हिश्श्यावर येतं हे तुम्ही तोंडी सांगितलंत, मी नंतर कॅल्क्युलेटर घेऊन बसले, तेवढंच आलं. आणि खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा शून्य हेडचा असतो, पाणी जसं वर चढवाल तसा तो घसरतो. तो आकडा बघूनच तर पंप विकतात!

आणि हो, फोटो मोठा करून बघताना मध्येच, "खारं पाणी ना? मग ते पितळेचं निपल आधी काढ." तुम्ही पंपाच्या काळजीने बोललात पण पितळेत तांबं असतं, आणि तांबं म्हणजे कोरल आणि कोळंबीला विष. मासेवाल्या एक्स्पर्टांना जे दिसलं नाही ते मासे न पाळणाऱ्याला दिसलं, आता काय बोलायचं.

पण ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही फोनवर विचारलंत, "तुझी मूठ किती रुंद आहे, मोजून सांग." मला काही कळेना, पण मोजली आणि सांगितली. दुसऱ्या दिवशी तुमचं ड्रॉइंग आलं, वहीच्या पानावर पेन्सिलने काढलेलं, पाइप, टी (तीन तोंडांचा जोड), गेट व्हॉल्व्ह सगळं जागच्या जागी, आणि प्रत्येक युनियनशेजारी (हाताने फिरवून खोलायचा जोड) एक छोटासा पंजा काढलेला. पाच बोटं, अंगठा नीट बाजूला. खाली लिहिलेलं, "इथे तुझा हात फिरला पाहिजे." पंप भिंतीपासून पुढे घेतला होता तो त्यासाठी, डिलिव्हरीची लाइन तिरकी नेली ती त्यासाठी. पंप काढून व्हिनेगरमध्ये ठेवायचा, व्हेंचुरीत साचलेलं मीठ साफ करायचं, हे सगळं मीच करणार हे तुम्ही गृहीतच धरलं होतं. शाबासकी नाही की "मुली पण करू शकतात" असलं भाषण नाही. माझ्या मुठीचं माप घेतलंत आणि पाइप सरकवलात. ते पान बघून मी रडले, खोटं कशाला बोलू.

आणि गेट व्हॉल्व्हपाशी लिहिलेलं, "हा स्किमरच्या आउटलेटला का लागतो ते तू ठरव, फेसाचं मला कळत नाही." बरोबर ठिकाणी काढलात हो, बॉल व्हॉल्व्हने स्किमरमधल्या पाण्याची पातळी इतकी बारीक लागतच नाही. पण "मला कळत नाही" असं सरळ लिहून देणारा माणूस मला या अख्ख्या प्रकरणात फक्त तुम्ही भेटलात, बाकी सगळ्यांना सगळंच कळत होतं आणि जमीन मी पुसत होते. तुमच्यासारखी माणसं कुठे जाहिरात करत नाहीत, मैत्रिणीच्या बाबांकडून सापडतात.

आता हाल-हवाल. खडखड पूर्ण बंद. फेस तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नीट धरला, कपात गडद चहाच्या रंगाचं पाणी येतंय, वास विचारू नका. लाइट गेल्यावर पाणी उलटं उतरतं तेवढी जागा संपमध्ये ठेवलीय, तुम्ही म्हणालात तसं मेन बंद करून बघितलं, उतू गेलं नाही. लीक एकच होतं, छोट्या पंपाच्या युनियनला, ओ-रिंग जरा सरकली होती. हात घातला, खोलली, बसवली.

फक्त आउटलेटच्या उभ्या पाइपला वर तुम्ही जी उघडी टी दिलीय सायफन (पाणी आपोआप ओढलं जाणं) तुटायला, तिथे मीठ जमतंय. झाकण बसवून त्याला भोक पाडलं तर चालेल का? रविवारी फोन करते, तेव्हा सांगा, आणि या वेळी थँक्यू म्हटल्यावर विषय बदलू नका.

तुमची,
खाऱ्या पाण्याची टाकीवाली